लागवणकरांचं नाक

"हे दूध कालचं आहे," परशुराम लागवणकर पातेल्यावर वाकून म्हणाले.

"आत्ता दारात घेतलं. तुमच्या डोळ्यांदेखत," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"घेतलं आत्ता. पण त्याने काढलं कधी?"

याला काय उत्तर देणार? दूधवाल्याच्या म्हशीलाच विचारायला हवं होतं. सुहासिनीबाईंनी पातेलं गॅसवर चढवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण या घरात दूध हुंगल्याशिवाय तापलं नव्हतं की भाजी हुंगल्याशिवाय चिरली गेली नव्हती. लागवणकरांचा माणसांवर विश्वास नव्हता, तो फक्त स्वतःच्या नाकावर होता. नाकही तसंच होतं म्हणा. लांब, धारदार, टोकाला जरासं वळलेलं. लग्नात सासऱ्यांनी दिलेल्या अत्तराची बाटली त्यांनी मांडवातच हुंगून "यात पाणी आहे" असं जाहीर केलं होतं. शहाडच्या सासुरवाडीत अजून कुणी ते विसरलेलं नाही.

"ते दूध राहू द्या," सुहासिनीबाई म्हणाल्या. "नळाच्या पाण्याचं काय ते बघा आधी. चार दिवस झाले, ब्लीचिंग पावडरीचा नुसता भपकारा येतोय. चहा तोंडात धरवत नाही."

"तुला ना, प्रत्येक गोष्टीचा संशय!"

सुहासिनीबाईंनी नवऱ्याकडे नुसतं बघितलं.

"नगरपालिकेचं पाणी आहे ते," लागवणकर म्हणाले. "मी तिथे नोकरी करतो. घरच्याच माणसांनी असं बोलायला लागलं तर लोकांनी काय बोलावं? गावात कावीळ आहे, म्हणून चिमूटभर जास्त टाकत असतील. त्याचा काय वास येणार?"

"हुंगून तरी बघा."

"गरज नाही."

सुहासिनीबाई गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की नक्की काहीतरी करतात, हा एक संशय मात्र लागवणकरांना एवढ्या वर्षांत कधी आला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून चहा पूर्ववत झाला. लागवणकरांनी कप तोंडाला लावण्याआधी नेहमीप्रमाणे हुंगला आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ. आहे का वास?"

"नाही हो," सुहासिनीबाई म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला वळल्या.

लागवणकर खारशेत नगरपालिकेत आरोग्य अभियंता होते. खारशेत म्हणजे ठाणं आणि कल्याण यांच्या मधलं, खाडीला पाठ लावून बसलेलं गाव. नगरपालिका झाल्यापासून ते स्वतःला शहर म्हणवून घ्यायचं. शहर झालं म्हणजे कचरा आलाच. तो सगळा खाडीकाठच्या खाजणात, भरतीच्या दलदलीत, नेऊन टाकत. त्याचा डोंगर झाला, आणि डोंगराच्या पायथ्यातून काळं पाणी पाझरायला लागलं. दाट, फेसाळ, करवंट्या जाळून केलेल्या शाईसारखं. ते पाणी चर धरून सरळ खाडीत जायचं. त्या टापूत जाळं टाकलं तर हाताला मासळी लागत नसे, पिशव्या लागत. कोळीवाड्यातले लोक तीन वेळा नगरपालिकेवर मोर्चा घेऊन आले. तिसऱ्या वेळी त्यांनी त्या काळ्या पाण्याचा हंडा मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर आणून ठेवला. त्या दिवशी दुपारनंतर कार्यालय बंद ठेवावं लागलं.

मग लागवणकरांनी प्लांटची योजना मांडली. काळ्या पाण्यावर रासायनिक प्रक्रिया करायची, त्याचा रंग, घाण, वास सगळं काढायचं आणि स्वच्छ पाणी खाडीत सोडायचं. मुख्याधिकाऱ्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण टेबलावर पुन्हा हंडा येऊ नये एवढी त्यांची मनापासून इच्छा होती, म्हणून त्यांनी प्रयोगापुरता एक छोटा प्लांट मंजूर केला. पत्र्याची शेड, चार टाक्या, एक पंप, आणि चालवायला खडवलीहून रोज येणारा काळुराम.

लागवणकरांनी त्या प्लांटला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. रोज सकाळी जाऊन टाक्या हुंगल्या. डोंबिवलीच्या कारखान्यातून येणारा हायड्रोजन पेरॉक्साइडचा प्रत्येक डबा स्वतः मोजून घेतला. पाणी आता काचेसारखं येत होतं. त्यांना कधी नव्हे तो कशाचा तरी अभिमान वाटायला लागला होता. त्याच सुमाराला मुख्याधिकाऱ्यांनी त्यांना बोलावून घेतलं.

"लागवणकर, प्रयोगाची मुदत संपली. आता कायमचा प्लांट बांधायचा की हा मोडायचा ते ठरवायला हवं. मला एकच सांगा, कोळीवाडा खूश आहे का?"

"साहेब, पाणी काचेसारखं..."

"काच राहू द्या. दामाजी नाखवा हो म्हणाला तर प्लांट होईल. नाही म्हणाला तर शेड भंगारात जाईल, आणि तुम्ही जन्म-मृत्यू नोंदणीला. तिथे हुंगायला काही नाही."

दामाजी नाखवा म्हणजे मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. लागवणकरांनी त्याला प्लांटवर बोलावलं. तो बायकोला, आवडाबाईला, बरोबर घेऊन आला. आवडाबाई सोसायटीत कुठल्या पदावर नव्हती. पण दामाजी कुठेही हो म्हणण्याआधी तिच्याकडे बघायचा, हे गावाला ठाऊक होतं.

लागवणकरांनी बाटलीत भरलेलं स्वच्छ पाणी त्याच्या हातात दिलं. दामाजीने बूच काढलं, बाटली नाकाजवळ नेली आणि डोळे मिटून हुंगलं. लागवणकर चमकले. जगात आपल्यासारखा दुसरा माणूस आहे, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"नलाचा पानी हाय," दामाजी म्हणाला.

"अहो, नळाचं कसं असेल? या डोंगरातून पाझरलेलं आहे!"

"मंग येवरा साफ कसा?"

"समोर करून दाखवतो."

काळुरामने चरातून बादलीभर काळं पाणी आणलं. लागवणकरांनी ते काचेच्या मोठ्या बरणीत ओतलं. आधी आम्लाचे थेंब टाकून ते आंबट केलं, मग हिराकसाचे हिरवे खडे विरघळवून घातले, आणि मग पेरॉक्साइडची धार सोडली. बरणी खदखदायला लागली, फेस वर आला. काळ्याचं तपकिरी झालं, तपकिरीचं पिवळं.

"हे पेरॉक्साइड आणि हिराकस मिळून आतली घाण जाळतात," लागवणकर म्हणाले. "चूल नाही, जाळ नाही, पण जाळणंच आहे हे. आता उरलंसुरलं खाली बसवायचं."

त्यांनी चुन्याची निवळी आणि तुरटीचं पाणी घातलं. दूध फाटल्यासारखे पाण्यात गोळे झाले, हळूहळू खाली बसत गेले आणि वर नितळ पाणी राहिलं. लागवणकर मागे सरकून उभे राहिले. त्यांना टाळ्यांची अपेक्षा नव्हती, पण निदान मान तरी हलेल असं वाटलं होतं.

दामाजीने बायकोकडे बघितलं.

"जादूगारपन समोरच करतो," आवडाबाई म्हणाली. "टोपीतशी कबुतर काढतो. म्हून काय टोपीन कबुतर र्‍हातो?"

"अहो बाई, हे विज्ञान आहे!"

"आसंल. पन डोल्यानं साफ दिसतो तो साफच आसतो, आसा नाय. मासा सांगंल तो खरा. जिताड्याची पिल्ला सोडा तुमचे पान्यान. जगली तर आमी मानू."

जिताडा म्हणजे खाडीचा राजा. खाऱ्या पाण्यात राहतो, गोड्या पाण्यातही राहतो. इकडचे लोक त्याची पिल्लं आणून घरामागच्या तळ्यात सोडतात आणि मोठा झाला की व्याह्याकडे किंवा साहेबाकडे पाठवतात. पाणी खारं की गोडं, याने त्याचं काही अडत नाही. पाण्यात विष असलं तरच तो मरतो. आजवर कोळीवाड्यातला पाण्याबद्दलचा प्रत्येक वाद जिताड्याच्या पिल्लांनीच सोडवला होता.

लागवणकर तयार झाले. पण मग दोघांचेही संशय बाहेर पडायला लागले.

"पिल्लं तुम्ही आणणार. अर्धमेली आणलीत तर?"

"मंग तुमी निवडून घ्या. पन पानी तुमी आननार. दुसरा आनलाव तर?"

"तुमचा माणूस पिंपावर बसवा."

"तो तर बसवनारच. टेम्पोत पिंप चरला का आमचा मानूस वर. आनि निम्मा पानी खारीचा घालाचा. तुमचा पानी खारीनच जानार ना?"

"घाला. पण खाडीचं पाणी काढताना माझा माणूस होडीत."

"बसवा. पोवता येतो ना त्याला?"

शेवटी ठरलं ते असं. रविवारी सकाळी प्लांटचं पाणी पिंपात भरून कोळीवाड्यातल्या देवळासमोर न्यायचं, तितकंच खाडीचं पाणी मिसळायचं, त्यात पिल्लं सोडायची, आणि दुपारी मुख्याधिकाऱ्यांसमोर झाकण उघडायचं.

त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या सभेत नळाच्या पाण्याच्या वासावरून गोंधळ झाला. नगरसेवक बाटल्या घेऊन आले होते. मुख्याधिकारी वैतागले. त्यांची नजर फिरत फिरत लागवणकरांच्या नाकावर स्थिरावली.

"लागवणकर, तुम्ही सांगा. तुमच्या घरी तेच पाणी येतं. वास आहे?"

लागवणकर उभे राहिले. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी सकाळचा चहा आठवला, कालचा आठवला, परवाचा आठवला.

"अजिबात नाही, साहेब. मी रोज हुंगूनच पितो."

सभेत हशा पिकला, पण शंका मिटली. लागवणकरांच्या नाकाने दिलेलं प्रमाणपत्र सगळ्या खारशेतला मान्य होतं. पंपहाउसवरच्या माणसाने त्या दिवसापासून आणखी निर्धास्तपणे बादलीने ब्लीचिंग पावडर ओतायला सुरुवात केली.

शनिवारी लागवणकर प्लांटवर गेले आणि दारातच थबकले. काळुरामचे केस सोनेरी झाले होते. सगळे नव्हेत. कपाळावरची झुलपं आणि टाळूवरचा एक पट्टा. बाकीचे काळेभोर, आणि मधेच मक्याच्या कणसासारखा तो पट्टा.

"हे काय रे?"

"काय नाय साहेब," काळुराम डोक्याला रुमाल गुंडाळत म्हणाला. "असंच झालंय. काल रात्रभर चुरचुरत पण होतं."

लागवणकरांनी कोठीत जाऊन डबे मोजले. पेरॉक्साइडचा एक डबा कमी होता.

झालं! सगळा उलगडा त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख उभा राहिला. पेरॉक्साइडने केस सोनेरी होतात. कल्याण स्टेशनबाहेर केस रंगवून देणारी नवी दुकानं निघाली आहेत. काळुराम रोज कल्याणवरून जातो. म्हणजे डबा तिकडे गेला, आणि बदल्यात ह्याने स्वतःचं डोकं फुकटात रंगवून घेतलं! एक डबा गेला असेल तर बाकीच्यांत काय आहे? पाणी! आणि डब्यात पाणी असेल तर काल टाकीत काय पडलं? पाण्यात पाणी! मग बाहेर येतंय ते वरून स्वच्छ आणि आतून जहर. उद्या दुपारी जिताड्याची पिल्लं उलटी होणार, दामाजी नाखवा हसणार आणि आपण जन्म-मृत्यूच्या खिडकीत बसणार.

काळुरामला विचारावं असं त्यांना क्षणभर वाटलं. पण संशयी माणूस विचारत नाही. विचारलं तर समोरचा खोटं बोलेल, हा त्याचा पहिला संशय असतो.

लागवणकर त्या रात्री घरी जेवले नाहीत. "पोट बरं नाही का?" सुहासिनीबाईंनी विचारलं. "मला फसवलंय गं," ते म्हणाले आणि कूस बदलून पडले. प्लांट वाईट नव्हता. प्लांट खरा होता. केवळ एका माणसाच्या झुलपांपायी तो खोटा ठरणार होता, हे त्यांना सोसत नव्हतं. त्यांना अक्षरशः रडू येत होतं. आणि मग जन्मात कधी लबाडी न केलेल्या त्या माणसाच्या मनात लबाडी आली.

रविवारी सकाळी काळुरामने निळं पिंप प्लांटच्या पाण्याने भरून शेडमागे तयार ठेवलं होतं. टेम्पो यायला अवकाश होता.

"काळुराम, नाक्यावर जाऊन चहा घेऊन ये. मोठ्या थर्मासमधून आण. मुख्याधिकाऱ्यांसाठी."

"साहेब, नाक्यावरचा चहा पाणचट असतो, तुम्हीच म्हणता."

"आज चालेल. जा!"

काळुराम गेला. लागवणकरांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर कचऱ्याचा डोंगर, खाली बांध, बांधापलीकडे खाडी. चिटपाखरू नव्हतं. त्यांनी पिंप आडवं केलं, पाणी गटारात सोडलं आणि शेडच्या नळाला रबरी पाइप लावून पिंप पुन्हा काठोकाठ भरलं. नळाचं पाणी. आठ दिवस रोज हुंगून प्यालेलं, खात्रीचं. डोंगरावरून वारा येत होता म्हणून त्यांनी नाकाला दुहेरी रुमाल बांधला होता. ते नाक त्या वेळी उघडं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

टेम्पो आला. पिंप चढलं. ठरल्याप्रमाणे दामाजीचा माणूस पिंपावर चढून बसला, आणि चहाचा थर्मास सांभाळत काळुराम पुढे.

कोळीवाड्यात जत्राच भरली होती. देवळासमोर प्लास्टिकचा मोठा टब ठेवला होता. निम्मं पाणी पिंपातलं, निम्मं खाडीतलं. शेजारीच मासळी वाळत घातली होती, तिच्या वासापुढे पाणी हुंगायचं कुणाला सुचलं नाही. लागवणकरांनी पिल्लं स्वतः निवडली. प्रत्येकाचे कल्ले उघडून बघितले.

"सायेब, पोरगी बघायला आलाव का मासली?" आवडाबाईने विचारलं, तशा बायका खदाखदा हसल्या.

पिल्लं टबात सोडली, झाकण घातलं, वर दगड ठेवला. दगडाच्या एका बाजूला दामाजीचा माणूस बसला, दुसऱ्या बाजूला काळुराम. लागवणकर देवळाच्या पायरीवर टेकले. आता त्यांना बरं वाटत होतं. नळाच्या पाण्यात मासा मरत नाही. प्लांट वाचला. उद्या काळुरामला हाकलायचा, नवा डबा आणायचा, की सगळं सुरळीत. थोडंसं काळीज कुरतडत होतं, नाही असं नाही. पण त्यांनी थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि सवयीने हुंगला.

"शी! कसला वास येतोय!"

"नाक्यावरचा ना साहेब," काळुराम म्हणाला. "मी बोललेलो."

लागवणकरांनी चहा ओतून टाकला.

दुपारी मुख्याधिकारी आले. त्यांना खुर्ची दिली, हातात थंड पाण्याचा तांब्या दिला. ते उन्हातून आले होते, त्यांनी घटाघटा पाणी प्यायलं. दामाजीने दगड उचलला, झाकण काढलं आणि दोन पावलं मागे सरकला.

सगळी पिल्लं पोट वर करून तरंगत होती.

गर्दीतून एकच ओरडा उठला. "विष! विष सोरतान खारीन!" कुणीतरी टबावर काठी मारली. मुख्याधिकारी उभे राहिले. लागवणकर टबाकडे बघत राहिले. नळाच्या पाण्यात? नळाच्या पाण्यात मासे कसे मेले?

"लागवणकर, संपलं," मुख्याधिकारी म्हणाले. "उद्या शेड उतरवायला माणसं पाठवतो."

गंमत म्हणजे दामाजी नाखव्याचा चेहराही तितकाच उतरला होता. तो आनंदाने नाचायला हवा होता. पण तो बायकोकडे बघत होता आणि बायको त्याच्याकडे.

"आसा कसा झाला गं?" तो हळूच म्हणाला.

"मना काय ठाव?"

"काय झालं नाखवा?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

आवडाबाई देवळाच्या मागे गेली आणि पितळी हंडा कमरेवर घेऊन आली. तिने हंडा खुर्चीसमोर ठेवला. आत जिताड्याची पिल्लं शेपट्या मारत सळसळत होती.

"ह्यो खरा तुमचे प्लांटाचा पानी," ती म्हणाली. "सकाली मीच भरला. बांधाखाली तुमचा पायप खारीन सुटतो ना, थयशी. निम्मा पायपाचा, निम्मा खारीचा. तुमचे पिंपाची पिल्ला आनि माजी पिल्ला एकाच येलेला सोरली."

"पण कशासाठी?"

दामाजीने मान खाजवली. "आमाला वाटलेला, सायेब पिंपान नलाचा पानी भरून आननार. त्यान मासा जगनार. आनि पायपाचे पान्यान मरनार. मंग ह्यो हंडा दाखवून तुमाला उघरा पारनार व्हतो. पन ह्यो उलटाच झाला!"

प्लांटच्या पाइपातल्या पाण्यात मासे जिवंत, आणि प्लांटच्या पिंपातल्या पाण्यात मेलेले. मग पिंपात कुणीतरी काहीतरी कालवलं, याशिवाय दुसरा अर्थ निघत नव्हता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दामाजी पिंपावर बसलेल्या माणसाकडे बघायला लागला. मुख्याधिकाऱ्यांना विरोधी पक्षाचा संशय आला. आणि मग कुणाची तरी नजर काळुरामवर गेली. घामाने त्याचा रुमाल सरकला होता.

"ह्याचे क्यास बघा! औषधाचा हात हाय ह्याचा! ह्यानीच कालवला!"

"धरा रे त्याला!"

"अरे, मी काय केलंय?" काळुराम ओरडला. "डबा गळत होता तो! कोठीत ऊन येतं, डबा फुगलेला, म्हणून डोक्यावर घेऊन मागच्या सावलीत नेऊन ठेवला. ते डोक्यावर सांडलं! लागवणकरसाहेब, सांगा ना यांना! डबा अजून आहे मागे!"

लागवणकर पायरीवरून उठले. म्हणजे डबा सावलीत होता. काळुराम चोर नव्हता. डब्यांत पेरॉक्साइडच होतं, टाकीत पेरॉक्साइडच पडलं होतं, आणि त्यांचा प्लांट, त्यांचा लाडका प्लांट, अगदी पहिल्यापासून खरा होता. त्याला मारलं होतं ते फक्त त्यांनी. तिकडे दोन जणांनी काळुरामची गचांडी धरली होती.

"सोडा त्याला," लागवणकर म्हणाले. "पिंपातलं पाणी मी बदललं."

"काय?" मुख्याधिकारी म्हणाले.

"मला प्लांटचा संशय आला, साहेब. काळुरामचा आला. म्हणून ते ओतून दिलं आणि दुसरं भरलं."

"मंग सांगतोय काय मी!" दामाजी ओरडला. त्याचा चेहरा एकदम फुलला. "बोललेलो ना मी, सायेब पानी बदलनार? बोललेलो ना गं?"

"गप र्‍हावा," आवडाबाई म्हणाली. ती टबाकडे बघत होती. "सायेब, दुसरा म्हंजे कंचा? कंच्या पान्यानी मारली येवरी पिल्ला?"

लागवणकरांनी मान खाली घातली.

"नळाच्या."

मुख्याधिकाऱ्यांच्या हातात तांब्या तसाच होता. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग नाकाजवळ नेला, आणि मग तो हळूच खुर्चीखाली ठेवून दिला. पाठीमागे एक म्हातारी आपल्या नातवाच्या हातातला पेला काढून घेत होती.

"लागवणकर," मुख्याधिकारी खोल आवाजात म्हणाले, "भर सभेत तुम्ही सांगितलंत की वास नाही. रोज हुंगून पितो म्हणालात."

"खरंच सांगितलं, साहेब! देवाशपथ! घरी वास येतच नाही!"

त्यांनी टबाजवळच्या रिकाम्या पिंपात डोकं घातलं. या वेळी नाकाला रुमाल नव्हता. पिंपातून डोकं बाहेर आलं तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते वासाचं होतं की कशाचं, हे कुणी विचारलं नाही.

दामाजीने हंड्यात हात घालून पिल्लांना जरा ढवळलं. ती चपळाईने निसटली. त्याने बायकोकडे बघितलं. आवडाबाईने मान हलवली.

"पायपाचा पानी आमाला मान्य हाय," दामाजी म्हणाला. "प्लांट बांधा. पन एक अट. ह्यो सायेब थय नको."

"का?" लागवणकरांनी कळवळून विचारलं.

"चांगला पानी वततो आनि वंगाल भरतो, म्हून! काळुरामाला ठेवा. ह्याला नलावर बसवा. सगल्या गावाचा पानी ह्याचे नाकाखालशी जाऊ द्या."

मुख्याधिकाऱ्यांना हे इतकं पटलं की त्यांनी हुकूम तिथल्या तिथे, उभ्या उभ्या दिला. प्लांट कायम झाला, लागवणकर पाणीपुरवठ्याला गेले. ज्या प्लांटसाठी त्यांनी जन्मातली एकुलती एक लबाडी केली तो त्यांच्या हातून सुटला, आणि कोळीवाडा वाजतगाजत काळुरामला टेम्पोपर्यंत पोचवायला गेला. त्याच्या सोनेरी पट्ट्यावर कुणीतरी गुलाल टाकला होता. लागवणकर मागून चालत होते. त्यांना कुणी पेढाही दिला नाही. दिला असता तर त्यांनी तो हुंगला असता, हे खरं.

संध्याकाळी घरी येऊन ते खुर्चीत बसले. सुहासिनीबाईंनी बातमी आधीच ऐकली होती. त्यांनी चहा टाकला आणि कप पुढे ठेवला. लागवणकरांनी कप उचलला, खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला. चहाचा वास, आल्याचा वास. बाकी काही नाही.

ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला. भपकारा थेट डोक्यात गेला. नळ बंद करून ते परत आले, कपाकडे बघितलं, मग बायकोकडे.

"सुहास, हा चहा कुठल्या पाण्याचा?"

"मागच्या आळीतल्या विहिरीचा. उकळून, गाळून घेतलंय."

"कधीपासून?"

"तुम्ही म्हणालात ना वास नाही, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. चहाला आणि प्यायला रोज दोन घागरी आणतेय."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात, घरच्यांनी संशय घेऊ नये." सुहासिनीबाईंनी गार झालेला चहा बाजूला ठेवून दुसरा कप त्यांच्यापुढे सरकवला. "आणि मी म्हटलं, एवढं मोठं नाक आहे, ओळखाल आपोआप."

लागवणकरांनी तो कप तोंडाला लावला आणि ते त्या घरात पहिल्यांदाच, न हुंगता, चहा प्यायले.